तांब्याचं खातं : हस्त बहारातल्या तेल्याच्या प्रकल्प नोंदी

डाळिंबाची बाग. जागा सांगोला तालुक्यातलं मुरमाड माळरान, क्षेत्र एक एकर. वाण भगवा, बाग सहाव्या वर्षात. अंतर साडेचार बाय तीन मीटर. २० ओळी, ओळीत १५ झाडं, एकूण ३००. पाणी बोअरचं, ओळीला ठिबकच्या दोन नळ्या. मागच्या दोन्ही बहारांत तेल्या, म्हणजे जिवाणूमुळे येणारा तेलकट डागांचा रोग, आला होता. यंदा हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरताना पाणी तोडून फुलवायचा हंगाम.

१४ एप्रिल

तोडणी संपली. पहिलं काम कागदावर: तांब्याचा हिशोब.

एक टक्का बोर्डोत, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्यात, १०० लिटरला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) पडतं. मोरचुदात तांबं साधारण २५.५ टक्के, म्हणजे १०० लिटरमागे २५५ ग्रॅम. एकरी ४०० लिटर फवारलं की एका फवारणीत किलोभर तांबं बागेत उतरतं. ते कुजत नाही, उडून जात नाही. पानावरून धुपून मातीत येतं आणि वरच्या थरातच साठतं. युरोपीय संघात २०१९ पासून तांब्याची मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किलो आहे. आपल्या भाषेत एकरी वर्षाला १.६ किलो. इथलं डाळिंब त्या बाजारात जातं, म्हणून तोच आकडा धरला.

दुसरी अडचण जिवाणूची स्वतःची. तेल्याचा जिवाणू झँथोमोनास कुळातला; या कुळातले जिवाणू तांब्याला सरावतात, हे टोमॅटो-मिरचीच्या जातभाईंमध्ये जगभर दिसलं आहे. मारा वाढवत नेला की सरावलेलेच मागे उरतात.

स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकांच्या पुड्या चाचणीच्या कुठल्याच तुकड्यात वापरायच्या नाहीत. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्या शेतीवापरावरच्या बंदीचा मसुदा काढला होता, पण खरं कारण त्याहून मोठं आहे. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगाचं औषध आहे. माणसाच्या जिवावर बेतणाऱ्या रोगासाठी राखून ठेवायचं औषध पानावर शिंपडून जिवाणूंना त्याची सवय लावणं चूक आहे.

आखणी:
अ (ओळी १ ते ६, पश्चिम बाजू): बोर्डोचं नेहमीचं वेळापत्रक.
ब (ओळी ८ ते १३): तांबं एकरी १.६ किलोच्या आत, शिवाय उपयुक्त जिवाणू आणि सॅलिसिलिक ॲसिड.
क (ओळी १५ ते २०): तांबं ब इतकंच, जैविक काही नाही.
ओळी ७ आणि १४ मोकळ्या, मोजणीत नाहीत. बागेची स्वच्छता तिन्ही तुकड्यांत सारखीच. ‘क’ मुद्दाम ठेवला. तो नसेल तर ‘ब’ मध्ये रोग कमी आल्यावर श्रेय जैविकाला द्यायचं की झाडूला, हे कळणार नाही.

प्रत्येक तुकड्याच्या मधल्या चार ओळींत पाच-पाच, अशी २० झाडं रिबीन बांधून खुणेची केली. मोजणाऱ्याला कुठल्या तुकड्यात काय फवारलं ते सांगायचं नाही.

१६ एप्रिल

आधी रोगाची खात्री. डाळिंबावर सरकोस्पोरा, अल्टरनेरिया, कोलेटोट्रायकम या बुरशींचेही डाग येतात. सगळ्यांना ‘तेल्या’ म्हणून एकच उपाय केला की पैसे वाया जातात.

पान उन्हाकडे धरून पाहिलं. तेल्याचा कोवळा डाग दोन-तीन मिलिमीटरचा, पाण्यात भिजल्यासारखा. उजेड त्यातून आरपार येतो आणि कडेला पिवळं वलय असतं. बुरशीचा डाग उजेडात काळा किंवा तपकिरीच राहतो. फळावर तेलकट डाग आणि त्यातून वाय किंवा एल आकाराची चीर. काडीवर पेऱ्याशी काळपट खाच. ती गोल फिरली की काडी तिथेच मोडते.

ग्लासातली चाचणी: खाच पडलेल्या काडीचा, निम्मा रोगट आणि निम्मा निरोगी असा तुकडा ताज्या पात्याने तिरका कापला. स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात कापलेली बाजू खाली करून टांगला, मागे काळा कागद धरला. थोड्या वेळाने कापाच्या कडेतून दुधी धागा हळूहळू खाली उतरताना दिसला. तो जिवाणूंचा पाझर. जुन्या, वाळलेल्या काडीतून तो येत नाही आणि म्हणून रोग नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. तुकडा ओल्या कडेचाच हवा. पानासाठी ग्लास पुरत नाही. डागाची कड काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, कडेतून धुरासारखा लोट निघतो.

१८ ते २१ एप्रिल

छाटणी. हवा कोरडी, पानावर दव नाही. ओल्या झाडाला कात्री लावायची नाही हा पहिला नियम, कारण पाणी सुटलेल्या डागातला पाझर कात्रीबरोबर पुढच्या झाडावर जातो.

प्रत्येक छाटणाऱ्याकडे दोन कात्र्या. एक हातात, एक बादलीत. झाड बदललं की कात्री बदलायची. बादलीत सोडियम हायपोक्लोराइट अडीच टक्के. बाजारातलं पाच टक्क्यांचं द्रावण आणि पाणी समसमान. हे द्रावण उन्हात आणि पानाच्या चिकाने लवकर मरतं. सकाळी केलेली बादली दुपारपर्यंत नुसतं पाणी होते, म्हणून दर दोन तासांनी नवं केलं आणि बादली सावलीत ठेवली. हायपोक्लोराइटने कात्रीला गंज चढतो आणि स्प्रिंग अडकते. संध्याकाळी साध्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल लावणं चुकवायचं नाही. गंजलेल्या कात्रीने काडी चिरडते आणि चिरडलेला काप भरून यायला वेळ लागतो.

खाचेच्या खाली दोन ते तीन इंच निरोगी लाकूड सोडून काप घेतला. जाड कापांना आणि खोडाला बोर्डो पेस्ट: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी.

एक टक्का बोर्डो ‘ब’ आणि ‘क’ मध्ये एकरी २०० लिटरच्या हिशोबाने, म्हणजे झाडामागे पाऊण लिटरच्या आत. ‘अ’ मध्ये ४०० लिटरच्या हिशोबाने. मोरचूद आणि चुना दोन वेगळ्या प्लास्टिक पिंपांत, दोन्ही धारा तिसऱ्या पिंपात एकाच वेळी सोडून ढवळल्या. पहिल्या घाण्यात विळ्याचं पातं बुडवलं तर त्यावर तांबूस पुट चढलं: मोकळं तांबं शिल्लक, कोवळ्या फुटीला चटका बसणार. चुना जुना, हवेत फुटून पीठ झालेला होता, म्हणून कमी पडला. चुन्याची निवळी गाळून थोडी थोडी वाढवली, पातं स्वच्छ राहीपर्यंत. पुढच्या घाण्यांना ढेकळाचा ताजा चुना आणला.

खातं, ब आणि क, एकरी: पेस्ट ०.२५५ + फवारणी ०.५१ = ०.७६५ किलो. निम्मं वर्षारंभीच संपलं.

२ मे

खाली पडलेली पानं, काड्या, तडकलेली फळं गोळा केली. सगळ्या नोंदींत कष्टाचं काम हेच, आणि सगळ्यात महत्त्वाचंही. रोगाचा जिवाणू पडलेल्या पानात आणि काडीत महिनोन्महिने तग धरतो. जूनचा पहिला जोराचा पाऊस पडला की थेंब जमिनीवर आपटून उडतो आणि तिथूनच खालच्या फांदीची पानं लागतात.

दव वाळल्यावर, पण वारा उठायच्या आत, साधारण नऊ ते अकरा या वेळात काम. ओळीत ताडपत्री अंथरून तिच्यावर झाडून घेतलं. खराट्याने ओढत नेलं तर निम्मा चुरा मुरमात मिसळतो. ढीग बागेबाहेर, वारा बागेवरून जिकडे जातो त्या बाजूला. काड्या आणि फळं जाळली. पानं शेणाबरोबर खड्ड्यात रचून ढिगाचं तापमान मोजलं: मध्यभागी ५५ अंशांच्या वर तीन दिवस टिकायला हवं. ढिगाची कड थंड राहते, तेव्हा बाहेरचं आत, आतलं बाहेर असं दोनदा उलटलं. तापमापक नसेल तर पानंही जाळलेली बरी. अर्धवट कुजलेलं खत बागेत परत टाकणं म्हणजे रोग परत टाकणं.

जमिनीवर ब्लीचिंग पावडर: एकरी १० किलो, ४०० लिटर पाण्यात, फक्त झाडाखालच्या घेरात. पोतं उघडल्यावर नाकात जाणारा तिखट वास आला नाही तर क्लोरिन उडालेला आहे, ते वापरू नये. ब्लीचिंग चांगले-वाईट असा भेद करत नाही. मातीतले उपयुक्त जिवाणूही मारतं, म्हणून पुढचे किमान १५ दिवस जमिनीत कुठलंही जैविक टाकायचं नाही.

२४ मे

‘ब’ साठी शेणखत भरायला सुरुवात. एकराच्या हिशोबाने २०० किलो चांगलं कुजलेलं शेणखत, त्यात स्यूडोमोनास फ्लुरोसन्स या उपयुक्त जिवाणूची पावडर २ किलो. झाडाच्या सावलीत एक वीतभर जाडीचा थर, वर ओलं गोणपाट. मुठीत दाबल्यावर आकार धरेल पण पाणी निथळणार नाही इतका ओलावा. ताजं शेण चालत नाही: तापतं, आणि त्या उष्णतेत स्यूडोमोनास मरतं. दर चार दिवसांनी खालवर.

८ ते ११ जून

पाकिटात जिवाणू जिवंत आहेत का, याची तपासणी. जैविक औषध ‘लागू पडत नाही’ अशी तक्रार असते तिथे पुष्कळदा पाकिटात काही उरलेलंच नसतं. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेलं पाकीट तारखेत असलं तरी भरवशाचं नाही. स्यूडोमोनासला बीजाणू नसतात, ते उन्हाळ्यात लवकर खचतं. दुसरा उपयुक्त जिवाणू, बॅसिलस, बीजाणू करून बसतो, म्हणून जास्त टिकतो.

पद्धत अशी. किंग्ज बी माध्यम (ताटलीत जिवाणू वाढवायचं खाद्य), एक लिटरला: प्रोटिओज पेप्टोन २० ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट १.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट १.५ ग्रॅम, ग्लिसरॉल १० मिलि, अगर १५ ग्रॅम. निर्जंतुक करून ताटल्यांत ओतायचं. पाकिटातली १ ग्रॅम पावडर ९ मिलि निर्जंतुक पाण्यात, त्यातलं १ मिलि पुढच्या ९ मिलिमध्ये, असं सहा पायऱ्यांपर्यंत. शेवटच्या नळीतलं ०.१ मिलि ताटलीवर पसरून २८ अंशांला दोन दिवस. अतिनील दिव्याखाली स्यूडोमोनासच्या वसाहती हिरवट-पिवळ्या चमकतात. ३० चमकल्या तर हिशोब ३० × १० × १०,००,०००, म्हणजे ग्रॅममध्ये ३० कोटी. लेबलवर १० कोटी लिहिलेलं असेल तर माल उत्तम.

दोन पाकिटं तपासली. एकात २४ वसाहती. दुसऱ्यात ताटली भरलेली, पण दिव्याखाली चमकणारी एकच. बाकी सगळी भेसळ. दुसरं पाकीट बाद. दोन्हींची तारीख चालू होती आणि उघड्या डोळ्यांना पावडर सारखीच पांढरी.

ज्याच्याकडे प्रयोगशाळा नाही त्याने नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात नेऊन तपासून मिळेल का, ते विचारावं. तेवढा खटाटोप करावाच.

भरलेलं शेणखत १२ जूनला ‘ब’ च्या मुळांच्या घेरात, ड्रिपरखाली मिसळलं.

२८ जून

पाऊस लागला. बाग विश्रांतीत. ‘अ’ मध्ये अर्धा टक्का बोर्डो, ४०० लिटर, दर पंधरवड्याला. सप्टेंबरपर्यंत सात फवारण्या ठरल्या. ‘ब’ मध्ये दर १० ते १२ दिवसांनी आळीपाळीने बॅसिलस सबटिलिस आणि स्यूडोमोनास, लिटरला ५ ग्रॅम. ‘क’ ला काही नाही.

दोन्हींचं काम समजून घेतलं की वापर चुकत नाही. बॅसिलस पानावर पातळ थर करतं, सर्फॅक्टिन-इट्युरिनसारखी द्रव्यं सोडतं आणि शत्रूच्या पेशीचं आवरण फाडतं. स्यूडोमोनास आसपासचं लोह ओढून घेतं. ताटलीत चमकणारा हिरवट रंग हाच लोह पकडणारा पदार्थ. म्हणून स्यूडोमोनासच्या टाकीत चिलेटेड लोह मिसळू नये. सहज मिळालं की ते हा पदार्थ तयार करणं कमी करतं. दोन्हींचा उपयोग जागा आधी बळकावण्यासाठी आहे. पानाच्या आत शिरलेला तेल्या त्यांना बाहेर काढता येत नाही. डाग दिसल्यावर जैविक मारणं उशिराचं.

१९ जुलै

चूक सापडली. ‘ब’ च्या मागच्या दोन फवारण्या ‘अ’ च्याच पंपाने झाल्या होत्या. पंप धुतला होता, पण बोर्डोचा निळसर गाळ टाकीच्या तळाला आणि नळीत तसाच. स्यूडोमोनास तांब्याच्या पाण्यात घालून पानावर पोचेपर्यंत उरलं किती, याचं उत्तर ताटलीने दिलं: पंपाच्या नोझलमधून घेतलेल्या पाण्यात चमकणाऱ्या वसाहती जवळजवळ नाहीत, ताज्या बादलीत कालवलेल्यात भरपूर. ‘ब’ साठी वेगळा पंप, वेगळी नळी, झाकणावर हिरवा रंग.

ज्यांना तांबं आणि जैविक दोन्ही वापरायचं आहे त्यांनी मध्ये आठ-दहा दिवस सोडावेत.

२३ जुलै

वेळेची चाचणी. एका ओळीत सकाळी दहाला, शेजारच्या ओळीत संध्याकाळी सहाला तीच फवारणी. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन्हींकडची पानं तोडून, पालथी करून किंग्ज बीच्या ताटलीवर हलकी दाबली आणि उचलली. दोन दिवसांनी दिव्याखाली संध्याकाळच्या ओळीचं अख्खं पान उमटलं: शिरा, कडा, टोक, सगळं हिरवट चमकत. सकाळच्या पानाचे तुरळक ठिपके. पावसाळी दिवस असूनही ढगांमागचं ऊन एवढं मारतं. फवारणी पाचनंतरच.

पावडरीतला टाल्क नोझलमध्ये बसतो. थोड्या पाण्यात आधी कालवून, दुहेरी फडक्यातून गाळून टाकीत ओतली की त्रास नाही. गूळ मिसळण्याची शिफारस कानावर येते. इथे टाळला, पानावर गोडवा राहिला की काजळी धरते.

७ ऑगस्ट

जिवाणूभक्षकांचा प्रयत्न. जिवाणूंना खाणारे विषाणू ही कल्पना आपल्याकडे परकी नाही: गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचा जंतू मरतो हे हँकिन या ब्रिटिश जिवाणूशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये लिहून ठेवलं. पुढे १९१५ मध्ये ट्वॉर्ट आणि १९१७ मध्ये देरेल यांनी तो प्रकार उलगडला. अमेरिकेत टोमॅटो-मिरचीच्या जिवाणू ठिपक्यांवर ‘ॲग्रीफाज’ नावाचं उत्पादन २००५ पासून नोंदणीकृत आहे.

बागेतल्या रोगट झाडाखालची १० ग्रॅम माती, १०० मिलि न्यूट्रिएंट ब्रॉथ आणि याच बागेतून वेगळा केलेला तेल्याचा जिवाणू एकत्र, रात्रभर २८ अंशांला हलवत. मग गाळ बसवून, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून, जिवाणू मिसळलेल्या पातळ अगरच्या थरावर थेंब. दुसऱ्या दिवशी दुधी थरात दोन थेंबांच्या जागी स्वच्छ गोल भोकं. म्हणजे भक्षक याच मातीत आहेत.

तरी बागेत फवारले नाहीत. एक तर ते अतिनील किरणांनी काही तासांत निकामी होतात. फ्लोरिडातल्या कामात दूध पावडरीचा आधार देऊन आणि संध्याकाळी फवारून ते थोडे जास्त टिकवले गेले. दुसरं, भक्षक फार नेमका असतो. एका बागेतल्या जिवाणूच्या प्रकारावर चालणारा शेजारच्या बागेत चालेलच असं नाही, आणि एकाच भक्षकाला जिवाणू लवकर चुकवायला शिकतो. चार-पाच वेगवेगळे एकत्र लागतात. बाटलीत भरून ‘फाज’ म्हणून विकायला कुणी आलं तर कुठल्या जिवाणूवर तपासलं, हे आधी विचारावं. वेगळा केलेला द्रव थंड जागी ठेवला आहे.

२ सप्टेंबर

ताण सुरू, म्हणजे फुलं एकदम यावीत म्हणून बागेचं पाणी तोडलं. हस्त बहाराचा सगळा फायदा यात आहे की फळ वाढायच्या काळात, नोव्हेंबर ते मार्च, हवा कोरडी असते. मृग बहारात, म्हणजे पावसाच्या तोंडावर फुलवलेल्या बागेत, कोवळं फळ नेमकं पावसात सापडतं. तेल्याला २५ ते ३५ अंश आणि ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता मिळाली की तो सुसाट पसरतो. बहार बदलून त्याच्या तोंडचा घास काढून घेता येतो. एकाही बाटलीत ही ताकद नाही.

अडचणही खरी आहे: सप्टेंबरचा पाऊस ताण मोडतो. मुरमाड जमिनीत पाणी लवकर निथळतं म्हणून २५-३० दिवसांत काम होतं. भारी काळ्या रानात या बहाराचा ताण साधणं कठीण, कळी विरळ निघते.

१ ऑक्टोबर

पानगळ. ताणाने निम्मी पानं आधीच पिवळी, म्हणून पानं गाळणारं इथ्रेल लिटरला १ मिलिच, सोबत डीएपी ५ ग्रॅम. पानं हिरवी असताना ताण पुरवायचं सोडून इथ्रेलचं प्रमाण वाढवलं तर शेंड्याकडून काड्या वाळतात.

९ ऑक्टोबर

पानं गळाली. पुन्हा ताडपत्र्या, पुन्हा गोळा. या खेपेला पाच पट जास्त माल, आणि त्यात पावसाळ्यातले सगळे डाग. हलकी छाटणी, कात्र्यांचे तेच नियम. नंतर एक टक्का बोर्डो, ब-क मध्ये २०० लिटरचा हिशोब. पानं नसताना द्रावण थेट काडीवर बसतं, थोडक्यात भागतं; तांबं खर्चायची हीच जागा.

खातं: ०.७६५ + ०.५१ = १.२७५ किलो. शिल्लक एका अर्धा टक्का फवारणीपुरती.

पूर्वेच्या बांधावर शेडनेटचा दोन मीटर उंच पडदा लावायचा होता. शेजारच्या बागेत तेल्या आहे. पडदा पश्चिमेला लागला, पूर्वेचा राहिला.

२६ ऑक्टोबर

कोवळी फूट बोटभर. ‘ब’ मध्ये सॅलिसिलिक ॲसिडची पहिली फवारणी, लिटरला ०.३ ग्रॅम. हे जिवाणूला मारत नाही, झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जागी करतं. म्हणून रोगाआधी द्यायचं. १०० लिटरसाठी ३० ग्रॅम. थेट पाण्यात टाकलं की पावडर तरंगत राहते. आधी १५० मिलि अल्कोहोलमध्ये विरघळवून, टाकीतलं पाणी ढवळत ठेवून बारीक धारेने सोडलं. एकदम ओतलं तर सुईसारखे स्फटिक परत तयार होतात. ते नोझल अडवतात आणि जिथे पडतात तिथे पान भाजतात. वाढवून अर्धा ग्रॅम करण्याचा मोह आवरावा. महिन्याच्या अंतराने एकूण चार.

नत्र आवरून. भरमसाट युरियाने फूट लुसलुशीत होते, पानाचं कातडं पातळ राहतं आणि जिवाणूला शिरायला सोपं जातं. वॉटरशूट, म्हणजे सरळ फोफावणारे फुटवे, हाताने, कोवळे असतानाच मोडले, म्हणजे कात्री लागत नाही.

१८ नोव्हेंबर

कळी आणि फुलं भरात. मधमाश्या सकाळभर. फवारणी संध्याकाळीच ठेवली असल्यामुळे वेगळी काळजी नाही. तिन्ही तुकड्यांत पानांवर नवा डाग नाही.

४ डिसेंबर

बंगालच्या उपसागरातल्या वादळाचे ढग इकडे पोचले. दोन दिवस झिमझिम, पूर्वेचा वारा, आर्द्रता सतत ८५ च्या वर. पाऊस थांबून पानं निथळताच, त्याच दुपारी, ब-क मध्ये राखून ठेवलेली अर्धा टक्का बोर्डो, २०० लिटर. ‘अ’ मध्ये ४०० लिटर. चुन्याचं प्रमाण पात्याने दोनदा तपासलं. कोवळ्या फळावर मोकळं तांबं पडलं तर साल खरबरीत होते.

खातं: १.२७५ + ०.२५५ = १.५३ किलो. बंद.

‘ब’ चं जैविक १४ तारखेपर्यंत थांबवलं.

१२ डिसेंबर

डाग आले. खुणेच्या २० पैकी डाग असलेली झाडं: अ मध्ये २, ब मध्ये ३, क मध्ये ७.

वरवर पाहिलं तर ‘जैविकाने क पेक्षा ब वाचवला’ असं लिहिता येईल. नकाशावर ठिपके मांडल्यावर तसं राहत नाही. ‘क’ च्या सातपैकी पाच झाडं ओळी १८ आणि १९ मधली, म्हणजे पूर्वेच्या बांधालगतची. पाऊस पूर्वेकडून आला, शेजारच्या बागेवरून आला आणि पडदा तिकडे नव्हता. ‘क’ पूर्वेला असणं हा आखणीतला दोष. तीन पट्टे शेजारी शेजारी न ठेवता दोन-दोन ओळींचे पट्टे अ-ब-क, अ-ब-क असे फिरवून ठेवायला हवे होते, म्हणजे बांधाचा फटका सगळ्यांना सारखा बसला असता. पूर्वेला शेडनेट आज बांधलं.

डागी पानं आणि फळं दुपारी, झाड कोरडं असताना, हाताने तोडून पिशवीत घालून बाहेर नेली. झाड संपलं की हात साबणाने धुऊन पुढचं. डागी फळ ‘बरं होईल’ म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. एका फळाच्या चिरेतून निघालेला पाझर खालच्या घोसाला लागतो.

१५ जानेवारी

थंडी, नवा डाग नाही. पहाटे दव जास्त. मजुरांची वेळ आठवरून दहावर नेली. दोन तास कमी भरतात, मजुरी तीच, हा खर्च धरलाच पाहिजे. घोसातली दाटी कमी केली, एका जागी एक फळ. दोन फळं चिकटून राहिली की मधली ओल दिवसभर सुकत नाही.

२० फेब्रुवारी

सॅलिसिलिक ॲसिड चौथी फवारणी झाली होती, इथून पुढे नाही. पाण्याच्या पाळ्या नियमित ठेवल्या. अनियमित पाण्याने तडकलेलं फळ लांबून तेल्याचं वाटतं. जवळून तडकलेल्या कडा कोरड्या आणि लाल असतात, तेलकट काळं काही नसतं.

६ एप्रिल

तोडणी. खुणेच्या झाडांवरची डागी फळं, डिसेंबरात काढलेली धरून: अ ११, ब १४, क ३८. ‘क’ मधली २९ बांधाकडच्या दोन ओळींतली. ती वगळली तर उरलेल्या दोन ओळींत ९.

तांबं, एकरी: ब आणि क १.५३ किलो. अ मध्ये पेस्ट ०.२५५, एक टक्क्याच्या दोन फवारण्या २.०४, पावसाळ्यातल्या सात ३.५७, डिसेंबरची ०.५१, एकूण ६.३७५ किलो, हेक्टरी पावणेसोळा. म्हणजे पावसाळ्यातल्या सात फवारण्यांनी निम्म्याहून जास्त तांबं खाल्लं, आणि ‘ब’ त्यांच्याशिवाय ‘अ’ च्या जवळपास राहिला. बॅसिलस-स्यूडोमोनासचा त्यात वाटा किती, हे या आखणीतून सांगता येत नाही. जुलैपर्यंतच्या दोन फवारण्या तर तांब्याच्या पंपातूनच गेल्या. पडलेलं पान उचलणं, कोरड्या झाडालाच हात लावणं, बहार बदलणं हे तिन्ही तुकड्यांत सारखं होतं आणि मागच्या दोन बहारांपेक्षा तिन्ही तुकडे सुधारले.

९ एप्रिल

तिन्ही तुकड्यांतून वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे नमुने डीटीपीए पद्धतीने (झाडाला लागू होणारं तांबं मोजणारी पद्धत) तांबं तपासायला दिले. नमुना लाकडी खुरप्याने, प्लास्टिक पिशवीत. ड्रिपरखालून आणि ओळीच्या मधून वेगळा.

११ एप्रिल

पुढच्या बहाराची आखणी: दोन-दोन ओळींचे पट्टे, तिन्ही प्रकार तीन-तीन वेळा, जागा चिठ्ठ्या टाकून, उरलेल्या दोन ओळी, १ आणि २०, बांधाच्या म्हणून मोजणीबाहेर. पट्ट्यांमध्ये मोकळी ओळ बसत नाही, म्हणून फवारताना शेजारच्या ओळीला ताडपत्रीचा आडोसा. पूर्वेचा पडदा आहेच, वाऱ्याला आडोसा म्हणून शेवरीची ओळ पावसाच्या तोंडावर. जैविकाचा पंप वेगळाच. ताटल्यांची तपासणी जूनमध्ये एकदाच न करता प्रत्येक नव्या पाकिटाला. १४ तारखेपासून छाटणी. हायपोक्लोराइटचे दोन कॅन आणले आहेत, कात्र्या धार लावून आल्या आहेत.